तुसात मुरलेलं पाणी

जव्हारला मी आलो तो लाकडाच्या ट्रकबरोबर, क्लीनर म्हणून. माझं घर कऱ्हाडच्या पलीकडे. शाळा पाचवीत सुटली. पुढे वर्षभर एका तांबटाकडे भाता ओढला, मग गॅरेजात चाकं धुतली, आणि असं करत करत एकोणिसाव्या वर्षी या डोंगरात येऊन पडलो. पडलो म्हणजे खरोखरच पडलो. हिवताप भरला, ट्रक माल घेऊन खाली निघून गेला आणि मी बाजाराजवळच्या एका ओट्यावर कुडकुडत राहिलो. ज्यांचा ओटा होता त्यांनी मला आत घेतलं. कोयनेल दिलं, पेज दिली, तीन आठवडे पडवीत झोपवलं. नाव-गाव विचारलं ते मी उठून बसायला लागल्यावर, आणि तेही घरी पत्र घालायचं का, एवढ्यासाठी.

ते घर एका ओव्हरसियरचं होतं. संस्थानच्या बांधकाम खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. संस्थान विलीन झालं, खातं ठाण्याकडे गेलं आणि साहेब वयामुळे घरी बसले. बसले म्हणायचं एवढंच. रोज सकाळी कोट घालून, कानावर पेन्सिल लावून ते स्वतःच्याच अंगणात हजर होत. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणे. काकूंना संधिवात होता. जव्हारच्या थंडीत सकाळी त्यांच्या हाताची बोटं मिटत नसत, आणि सांधे शेकायला रोज दोन-तीन बादल्या कढत पाणी लागे. पूर्वी दरबाराकडून गाडीभर जळाऊ लाकूड येई. ते आता बंद झालं होतं.

साहेबांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात उन्हावर पाणी तापवण्याची पेटी पाहिली होती. तिचा नकाशा त्यांनी स्वतः काढला. सागाची चपटी पेटी, आतून डांबर लावलेली. तळाला वीतभर भाताचं तूस, त्यावर जस्ती पत्र्याची चपटी टाकी, तेलात काजळ खलून काळी केलेली. वर काचा. सगळं प्रकरण न्हाणीमागे लाकडी मचाणावर, तोंड दक्षिणेला, आणि खालून एक नळी भिंतीतून न्हाणीत. सकाळी भरायचं, दुपारी चारला तोटी सोडायची.

नकाशा माझ्यासमोर पसरून त्यांनी विचारलं, "तांबटाकडे होतास ना तू? डाख लावता येतो?"

"येतो."

"पाणी धरणारा?"

"हो साहेब."

तांबट कथील वितळवून सांध्याला डाख कसा लावतो हे मी भात्यापाशी बसून पाहिलं होतं. हातात हत्यार कधी घेतलं नव्हतं. पण ताप उतरला होता, अंगात ताकद आली होती, आणि त्या घरात राहायला मला आता काही कारण उरलं नव्हतं. ते कारण साहेबांनी आपण होऊन पुढे केलं. मी ते घेतलं.

दोन दिवस खपून मी टाकीचे सांधे जोडले. पाणी भरून पाहिलं तर एक थेंब गळला नाही. मला स्वतःलाच नवल वाटलं. मग पेटी मचाणावर चढली, माकडांनी काचा फोडू नयेत म्हणून मागच्या बाजूला मी करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं, आणि पेटीची रोजची देखभाल माझ्याकडे आली. सकाळी काचा पुसायच्या, टाकी भरायची, ऊन कलेल तशी पूर्वेकडून पाचर ठोकून पेटी उचलायची, चार वाजता वर गोणपाट टाकायचं.

पाणी आणायची ती एक आदिवासी बाई. उतारावरच्या पाड्यात राहायची. वय तिशीचं असेल. घरी तिची बोली वेगळी, आमच्याशी बोलताना तिच्यापुरती मराठी. ती डोक्यावरून हंडा आणून शिडीखाली उभी राहायची आणि वर द्यायची, मी तो टाकीत ओतायचो. पाच हंड्यांनी टाकी भरे. पहिल्याच दिवशी तिने पेटीला चक्कर मारून सगळं पाहिलं आणि साहेबांना विचारलं, "सायेब, वेठ बंद झाली म्हनतात ना?"

"झाली की. का?"

"मग सूर्याला कशाला धरलात?"

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर ती रोज विचारायची, "काय भाऊ, आला का तुझा वेठीवाला?" ढग असले की म्हणायची, "आज पळाला."

पहिल्या दिवशी चारला तोटी सोडली तेव्हा पाणी इतकं कढत आलं, की काकूंनी बोट घालून पटकन काढून घेतलं. मग म्हणाल्या, "पहिली बादली त्याला द्या. तापातून उठलाय." मी न्हाणीत बसून ते पाणी अंगावर घेतलं. घर सोडल्यापासून मला कोणी आंघोळीला गरम पाणी दिलं नव्हतं. काकू सकाळी पूजेपुरती गार आंघोळ उरकत आणि चारला शेकायला बसत. शेजारणी त्यांना हसत, दुपारची आंघोळ कसली म्हणून. महिन्याभराने काकू वातीचा कापूस पुन्हा स्वतः वळायला लागल्या.

मग काचेला आतून बाष्प धरायला लागलं.

साहेब म्हणाले, "आत ओल कुठून येते रे?"

"थंडीनं असेल."

थंडीनं नव्हती. दिवसा टाकी तापते, रात्री गार पडते, आणि पत्रा थोडा थोडा हलतो. माझा डाख नुसता वरून बसला होता, सांध्यात उतरलाच नव्हता. पाणी तुसात मुरत होतं, आणि पेटीच्या मागच्या कोपऱ्यातून खांबावरून उतरून काट्यांच्या आत मातीत जात होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही. फाल्गुनात आजूबाजूला सगळं करपलं असताना त्या खांबाच्या बुडाशी हिरवंगार गवत आलं, ते मी पाहिलं. आणि ते मी उपटून टाकलं. दोन-चार दिवसांनी पुन्हा आलं, पुन्हा उपटलं. काचा पुसायच्या आधी काट्यांत हात घालून गवत उपटायचं, हे माझ्या रोजच्या कामातलंच एक होऊन बसलं.

साहेब हिशोबी माणूस. सकाळी पाच हंडे पडतात आणि दुपारी चारसुद्धा निघत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्यांनी नकाशा काढला, टाकीची लांबी-रुंदी पुन्हा मांडली. नकाशात चूक नव्हती. माझ्या डाखावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू वर असतोस. हंडा भरलेला असतो का?"

मी म्हणालो, "कधी कधी थोडा कमी असतो."

एवढंच वाक्य. तेव्हा ती तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब तिला रागावले नाहीत. रागावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "चढावर हिंदकळत असेल, तुझा दोष नाही. पण आता सहा खेपा कर." ती म्हणाली, "माझा हंडा भरूनच येतं, सायेब." ते म्हणाले, "असेल, असेल." तिने वर माझ्याकडे पाहिलं. मी टाकीच्या तोंडात पाहत होतो. त्या दिवसापासून ती सहा हंडे आणू लागली. वेठीवाल्याची चौकशी तिने सोडली.

चैत्रात एक दिवस ती आली नाही. काकूंनी मला बघायला पाठवलं. पाड्यात कळलं की विहिरीने तळ गाठला, बायका खालच्या झऱ्यावर आहेत. झरा म्हणजे दगडाखालची ओंजळभर जागा. पाणी जमेल तसं करवंटीने हंड्यात घालायचं, पुन्हा वाट पाहायची. दहा-बारा जणी ओळीने बसल्या होत्या. ती मधे कुठेतरी होती.

मला पाहून म्हणाली, "काकूला सांग, येतंय. आज दोनच देईन सकाळी, बाकी मागून."

शेजारची तिला म्हणाली, "सहावा कशाला नेतंस मग? घरी पोरा तहानली." ती म्हणाली, "सायेबाची पेटी मोठी हाय." दोघी हसल्या. मी तिथे उभा राहिलो, करवंटीत पाणी यायला किती वेळ लागतो ते पाहिलं, आणि परत आलो.

त्यानंतर मला सुचलं ते इतकंच, की साहेब घरी नसताना पेटी उघडायची, डाख पुन्हा द्यायचा आणि गुपचूप बंद करायची. खरं सांगावं हे सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण त्यापुढे मला तो ओटा दिसे आणि माझं गाठोडं.

साहेबांना मोखाड्याला एका विहिरीचं बांधकाम बघायला बोलावणं आलं. ते सकाळच्या मोटारीला गेले तसा मी काचा काढल्या, टाकी उचलून बाजूला घेतली. तूस काळं पडून कुजलं होतं. पिळलं तर पाणी निघत होतं. टाकीच्या मागच्या सांध्याला बोटभर लांब, केसाएवढी फट. मी विस्तव पेटवत होतो तेवढ्यात ती हंडा घेऊन आली. तिने हंडा खाली ठेवला, तुसात कोपरापर्यंत हात घातला आणि हसली.

"इतका पानी ह्यानी पिला," ती म्हणाली. "बरा झाला भाऊ, तू शोधलास. मला वाटायचा, मीच रस्त्यात सांडतंय. रोज मागं वळून बघायचं, कुठं ओला दिसतं का."

मी विस्तव फुंकत राहिलो.

मोटार घाटात बंद पडली म्हणून साहेब तासाभरातच परत आले. मला काही लपवायला वेळच मिळाला नाही. ती मोठ्या उत्साहाने पुढे झाली. "सायेब, तुमची पेटीच पानी पितं. भाऊनी शोधला. माझा हंडा भरूनच येत होता."

साहेबांनी टाकी पाहिली, सांध्यावरून बोट फिरवलं, तूस पाहिलं. मग मला म्हणाले, "पण तूच म्हणाला होतास ना, हंडे कमी येतात म्हणून?"

ती माझ्याकडे वळली. साहेबांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "वरून नीट दिसलं नसेल तुला."

"हो," मी म्हणालो. "वरून नीट दिसत नव्हतं."

तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. भरलेला हंडा उचलला आणि अंगणातून तशीच निघाली. साहेब म्हणाले, "अगं, ओतून जा." ती थांबली नाही. तो हंडा ती घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि आमच्याकडे पुन्हा कधीच आली नाही. पुढे ती वरच्या आळीत दुसऱ्या एका घरी पाणी भरायला लागली.

काकूंनी मला जेवायला वाढताना एवढंच म्हटलं, "नीट येत नव्हतं तर नाही म्हणायचं होतंस. तुला डाख येतो म्हणून का ठेवलं होतं आम्ही?" त्यांनी मला काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मी आता म्हणतो. तेव्हा मी मनात देवाचे आभार मानले.

साहेबांनी बाजारातला डाखवाला बोलावून टाकी दुरुस्त करून घेतली. पाणी मी आणायला लागलो, कावडीने. झऱ्यावर मला पाहून बायका खदखदल्या. "सायेबाचा कारागीर आला पान्याला." एक म्हणाली, "घ्या त्याला पुढं, पाव्हना हाय." ती तिथेच बसली होती. म्हणाली, "नाय. मागं बसंल. पुरुस झाला म्हनून काय?" मी मागे बसलो. माझी पाळी आली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं, आणि चढावर माझ्या कावडीतलं अर्धं पाणी हिंदकळून गेलं.

पाऊस पडेपर्यंत मी रोज त्या ओळीत बसलो. एकदा ती अगदी माझ्यापुढेच होती. बाकीच्या गप्पांत होत्या. मी हळूच म्हणालो, "बाय, मी खोटं बोललो होतो. मला माहीत होतं."

ती करवंटीने पाणी भरत होती. थांबली नाही. "ता मला कळला," ती म्हणाली. "मला कशाला सांगतंस? सायेबाला सांगितलास?"

"सांगतो."

"बघ," ती म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

सांगतो सांगतो म्हणत पावसाळा गेला. दिवाळीनंतर साहेबांनी नाशिकला त्यांच्या ओळखीच्या एका कारखानदाराला माझ्यासाठी पत्र लिहिलं. त्या पत्रावर मला नोकरी लागली, आणि त्या नोकरीवर पुढे माझं घर झालं, लग्न झालं, सगळं झालं. पत्र पाकिटात घालण्याआधी त्यांनी मला समोर बसवून वाचून दाखवलं. काकू बाजूला वाती वळत होत्या. पत्रात लिहिलं होतं, मुलगा फार शिकलेला नाही, पण विश्वासू आहे. आपल्या कामात चूक असेल तर कोणी न सांगता स्वतः उघडून बघतो.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे ना? काही कमी-जास्त असेल तर आत्ताच सांग. एकदा पाकीट बंद केलं की झालं."

पाकीट त्यांनी हातात उघडंच धरलं होतं.

"बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो. त्यांनी पाकिटाला खळ लावली, अंगठ्याने दाबली आणि वाळायला खिडकीत ठेवलं.