वैनीचा ओटा

वैनी गेली तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. नातसून दारात आली आणि म्हणाली, "आत्याआजी, आजी काही बोलत नाहीत." मी म्हटलं, "बोलून झालं असेल तिचं." आत जाऊन पाहिलं, तर खरंच झालं होतं. त्याला आता सात आठवडे होतील. मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी सांगितलं की सगुणाबाई प्रेमळ होत्या, नम्र होत्या, सहनशील होत्या. पाळक नवे आहेत, त्यांचा दोष नाही. मी तिच्याबरोबर एका चुलीवर जन्म काढला. प्रेमळ ती सवड मिळाली तर असायची. नम्र आणि सहनशील ती कधीच नव्हती, आणि नव्हती म्हणूनच आज आमचं घर रस्त्याकडे तोंड करून उभं आहे. मी चौथी शिकलेली बाई, मला गोड लिहिता येत नाही. जे झालं ते लिहिते.

आमचं गाव घोडेगावच्या बाजाराच्या वाटेवर. वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे. आजोबांनी येशूला धरलं, घरात बायबल आलं, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तेच राहिलो. वस्तीतल्या घरांची एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण लहान पोरालाही पाठ होती. घराची पाठ रस्त्याला असायची. रस्त्याकडे दार नाही, खिडकी नाही. भिंतीला चुना नाही, शेणामातीचा पोतारा तेवढा चालायचा. आणि दारापुढे ओटा नाही. ओटा असला की माणूस त्यावर बसणार, आणि पाटील घोडीवरून जाताना बसलेला माणूस त्याच्या डोळ्यांत येणार. पाटील दिसला की उभं राहायचं, ही आणखी एक रीत. जमिनीवरून उठणं सोपं असतं. ओट्यावर एकदा बसलेलं माणूस उठेल की नाही, याचा भरवसा नसतो. रीत घालणाऱ्यांना हे बरोबर कळलेलं होतं.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. नवरा वारला म्हणून मी सोळाव्या वर्षी माहेरी परत आले होते. त्याच वर्षी माझ्या भावाचं लग्न झालं आणि वैनी आली. तिचा बाप नगरला बंगल्यांच्या बांधकामांवर चुना मळायच्या कामाला होता, तिचं लहानपण त्या चुन्यातच गेलेलं. पहिल्या दिवशी घरात पाऊल टाकलं आणि काळोखात रांजणाला ठेचकाळली. म्हणाली, "हे घर हाय का उंदराचं बीळ?" माझी आई तिथेच उभी होती. सासूला पहिल्या दिवशी हे ऐकवणारी सून मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. तीन महिन्यांत भाऊ पलटणीत भरती होऊन समुद्रापार गेला. घरात आम्ही तिघी उरलो. अडवणारं कोणी नाही हे बघून वैनीने पहार हातात घेतली.

तिने घर फिरवलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. मागचं दार चौकटीसकट उखडलं आणि रस्त्याकडची भिंत फोडून तिथे बसवलं. दाराशेजारी हातभर खिडकी पाडली आणि तिच्या उजेडात वस्तीतल्या पोरांना अक्षरं गिरवायला बसवू लागली. धाब्याच्या छपरातलं धूर जायचं भोक, सवणं, मोठं केलं, चूल कोपऱ्यात नेली, काजळी खरवडून भिंतीत कोनाडे केले. पहार मारायला मी होतेच. आई उंबऱ्याबाहेर बसून म्हणत होती, "सगुणे, तू आमाला गावातनं उठवशील." वैनी आतून ओरडली, "आत्याबाई, गावात हाओत कुठं आपण?"

नाताळ आला तसा तिने भिंतीला चुना लावायचं ठरवलं. कळीचा चुना भिजवताना उकळला आणि तिच्या कोपरावर उडाला, तो डाग शेवटपर्यंत होता. चुना भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात काही चिकट लागतं. तांदळाची पेज घालतात, पण ते दिवस रेशनचे, तांदूळ आजाऱ्यालाही मिळेना. तिच्या बापाची रीत निवडुंगाची होती. फड्या निवडुंगाची पानं ठेचून भिजत घालायची आणि ते बुळबुळीत पाणी चुन्यात ओतायचं. पानं आणायचं काम माझं. कीड लागून निवडुंग संपत चालला होता, ओढ्याच्या काठाला थोडा उरला होता. मी आणला तो लाल बोंडांसकट, आणि बोंडांसकटच ठेचला. पाणी लालभडक झालं. मला वाटलं, भिंत गुलाबी होईल. पण चुन्यात पडल्यावर लाल राहिलं नाही, सगळं पिवळं झालं. चुना तेवढाच होता. वैनीने माझ्याकडे पाहिलं, एक शिवी दिली आणि कुंचला बुडवला. संध्याकाळपर्यंत रस्त्याकडची भिंत पिवळीजर्द.

वस्तीतल्या बाया बघायला आल्या. एक म्हणाली, "काय गं सगुणे, घराला कावीळ झाली व्हय?" वैनी म्हणाली, "होऊ दे. भ्यानं पांढरं पडन्यापरीस बरं." दोन दिवसांनी पाटलाचा माणूस आला.

"चुना कुनाच्या हुकमानं लावला?"

"चुना पांढरा असतो," वैनी म्हणाली. "ह्यो पिवळा हाय. पोतारा हाय ह्यो. डोळे बरे हायेत ना तुमचे?"

तो भिंतीजवळ गेला, बोटाने खरवडून पाहिलं, वास घेतला. पाटलाला जाऊन काय सांगावं हे त्याला कळेना. थुंकला आणि गेला. माझ्या चुकीने भिंत वाचली, पण त्याबद्दल वैनीने मला कधी चांगलं म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षापासून मात्र ती मुद्दाम पिवळी माती आणून मिसळू लागली.

भिंत पचली म्हणून ती थांबेल असं आईला वाटलं. ती ओट्याला लागली. ओढ्यातले दगड आम्ही दोघींनी डोक्यावरून आणले, मधे मुरूम भरला, वरून चुन्याने घोटून घेतला. गुडघ्याएवढा उंच, दोन बाया पाय पसरून बसतील एवढा लांब. ओटा पिवळा नव्हता. ओट्याला पोतारा म्हणता येत नव्हतं.

शेतात ज्वारी पिकून वाळायला लागली होती. एका सकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. तिच्या मांडीवर सूप, ती रेशनच्या ज्वारीतले खडे वेचत होती. रस्त्याच्या वळणावर घोडी दिसली. मी उठले. उठले एवढंच नाही, आत जाऊन दाराआड उभी राहिले. हे लिहिताना हात अडतो... पण उठले होते. वैनी उठली नाही. घोडी दारापुढे थांबली. पाटील ओरडणारा माणूस नव्हता, सावकाश बोलायचा.

"मास्तरीन झालीस का काय? उठता येत न्हाई व्हय?"

"मांडीवर सूप हाय," वैनी म्हणाली. "दाने सांडत्याल."

"सूप खाली ठेव."

"खाली माती हाय. खडे आताच येचलेत."

पाटलाने घोडीचा लगाम ओढला. मग म्हणाला, "ओटा पाडा. पाडस्तवर वस्तीतल्या कुनाला शेतावर घ्यायचं न्हाई." आणि गेला. तिने पुढचा खडा वेचला. मी ते दाराच्या फटीतून पाहिलं. पाळकसाहेबांना हे माहीत असतं तर त्यांनी धैर्यवान हा शब्द वापरला असता. तो चालला असता.

काढणीची मजुरी म्हणजे आमच्या वस्तीचं वर्षाचं धान्य. दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती दारात. ज्यांच्या पोरांना वैनीने खिडकीच्या उजेडात अक्षरं शिकवली, तेच म्हणाले, "एका दगडाच्या ढिगापायी आमची पोरं मारतीस काय?" आई सगळ्यांसमोर तिच्या पाया पडली. वैनीने आईला उठवून ओट्यावर बसवलं आणि लोकांना म्हणाली, "ज्वारी वाळली हाय. निम्मे गडी लढाईवर गेलेत. आठ दिस दम काढा. पाखरं काय पाटलाची जमीन बघून सोडत्यात? तो कनसं कुनाच्या हातानं काढनार हाय?" कोणीतरी म्हणालं, "आन् न्हाई बोलावलं तर?" ती म्हणाली, "तर नवव्या दिवशी माझ्या हातानं ओटा पाडते."

ते दिवस मला नीट आठवतात. घरात होतं ते तिने शेजारी वाटलं, आम्ही रेशनच्या ज्वारीची आंबील प्यालो. ओट्यावर ती रोज बसायची, मी उंबऱ्यात. पाटलाच्या ज्वारीच्या पट्टीत पाखरांचे थवे उतरायचे ते उंबऱ्यातून दिसायचं. पाटलाने गावातली माणसं लावून पाहिली, पण ज्यांच्या कमरेला सवय नाही त्यांनी दोन दिवसांत हात टेकले. सातव्या दिवशी तोच माणूस आला, भिंतीचा वास घेणारा. ओट्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासनं या." वैनीने विचारलं, "ओट्याचं काय म्हनले?" तो म्हणाला, "ओट्याचं काय बोलले न्हाईत." त्यानंतर कोणी कधीच बोललं नाही. पाटील मात्र ओढ्याकडच्या वाटेने जाऊ लागला. दोन वर्षांत, लढाई संपून भाऊ परत आला तोवर, वस्तीत नऊ ओटे झाले. पुढे पाटलाची नात शाळेत जाताना चपलेतला खडा काढायला आमच्याच ओट्यावर टेकायची. वैनी विचारायची, "कुनाची गं तू?" तिला माहीत असायचं. तरी रोज विचारायची.

मी त्या दिवशी उठले, याबद्दल ती जन्मात एक शब्द बोलली नाही. भांडणात तिने मला काय काय ऐकवलं, बोंडांची चूक तर शंभरदा काढली, पण हे नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता घर नातवाच्या नावावर आहे. पोरगा चांगला आहे, पुण्याला नोकरी करतो. तो म्हणतो, पुढची बाजू मोकळी करू, ओटा काढला की गाडी आत येईल, फाटक होईल, बाहेरून चकचकीत फरशी लावू, रस्त्यालगतच्या घराची किंमत दुप्पट होते. घराची किंमत कशाने होते हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली. गेल्या आठवड्यात तो ठेकेदाराला घेऊन आला. मी ओट्यावर बसले होते. ठेकेदार टेप उलगडत माझ्यापुढे उभा राहिला आणि आदबीने म्हणाला, "आजी, माप घ्यायचंय. जरा उठता का?"

शेजारी शेंगदाण्यांचं सूप होतं. ते मी उचलून मांडीवर घेतलं.

"दाने सांडत्याल," मी म्हटलं.