मोर्णेच्या पांढऱ्या पायऱ्या

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी पान लावायला उठून जाणारा माणूस. अमरावतीत ड्रॉइंग मास्तर आहे. सावली कशाने पडते ते मुलांना शिकवतो, तिला भिऊन कसं चालेल? तरी हे लिहितोय. हसायचं तर हसा...

माझी धाकटी बहीण कमल अकोल्याला दिली आहे. घर मोर्णा नदीच्या अगदी काठावर. उन्हाळ्यात तिच्याकडे राहून मी जलरंगात तो घाट काढला – आटलेली नदी, पांढऱ्याफटक पायऱ्या आणि वर कमलचं घर. नागपूरच्या स्वदेशी प्रदर्शनात राष्ट्रीय कलेचा विभाग होता, त्यासाठी. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "नद्या-झाडं रंगवणं हा साहेबांचा शौक. राष्ट्रीय कला म्हणजे पुराणातले प्रसंग." माझं डोकंच फिरलं. मोर्णा राष्ट्रीय नाही, तर काय टेम्स राष्ट्रीय? भांडभांड भांडून त्यांना कबूल करायला लावलं. दिवाळीनंतर चित्र न्यायचं ठरलं.

इथे एक सांगायला हवं. जलरंगात मी पांढरा रंग वापरत नाही. पांढरं हवं तिथे कागद कोराच सोडायचा. एकदा त्यावर रंग चढला की कोरेपणा गेला, तो काही केल्या परत येत नाही.

आषाढ सरत आला आणि अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या घरी, भिंतीवरच्या त्या चित्रात सगळ्यात खालची पायरी दिसेना. तिथे गढूळ पाणी होतं. ओल आली असेल, रंग ओघळला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण ओघळलेल्या रंगाची कड फुटते. ही कड साफ होती – मुद्दाम कोणी ब्रश फिरवावा तशी. मग आणखी पायऱ्या गेल्या. शेवटी न राहवून बायकोला दाखवलं.

"अवो, पानी कमलच्या दाराले लागून राहिलं!" ती ओरडलीच.

मी तसाच बडनेरा स्टेशनावर जाऊन अकोल्याची गाडी पकडली.

अकोल्यात बघतो तर नदी शांत, पायऱ्या कोरड्या. कमलचे यजमान वामनराव वकील. सगळं ऐकून पोट धरून हसले.

"दादा, भांग घेतली का काय? कागदावरच्या पुराले भिऊन कोनी घर सोडते?"

"मले येड्यात काढा वामनराव, पन इथं राहू नका."

"कोर्टात केस हाय माही. जमत नाई."

कमल लेकराला छातीशी धरून उभी होती. माझा चेहरा तिने नीट पाहिला असावा. म्हणाली, "पंचमी तोंडावर आली. माहा भाऊ मले न्यायले आला. त्याले तुमी परत धाडता का?"

पंचमीला न्यायला आलेल्या भावाला आमच्याकडे कोणी परत पाठवत नाही. वामनरावांची सगळी वकिली तिथेच संपली. निघताना तिने त्यांना स्वतःच्या गळ्याची शपथ घातली – रोज मुक्कामाला गावातल्या मित्राकडे जायचं. ते नुसतेच हूं म्हणाले.

घरी आलो तेव्हा चित्रातलं घर खिडकीपर्यंत पाण्यात होतं. मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. अकोल्याकडे पाऊस धो धो कोसळतोय असं स्टेशनवरून कळत होतं, वामनरावांची मात्र काहीच खबर नाही. कमल अन्नाला शिवेना. मी तर इतका घाबरलो होतो की तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

आणि एका दुपारी वामनराव दारात उभे. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. "शपथ घातली म्हून गेलतो मित्राकडं," ते म्हणाले. "घर गेलं, कमल. भिंतीसुदीक नाई रायल्या."

कमलने चित्र मागितलं. धीर होत नव्हता, तरी मी ते उलटवलं.

आटलेली नदी. पांढऱ्याफटक पायऱ्या. वर घर, जसंच्या तसं. भिंग लावून पाहिलं – पायऱ्यांवर कागद स्वच्छ कोरा, रंगाचा कणसुद्धा नाही. हे होऊ शकत नाही.

दिवाळीनंतर कमिटीचे तेच गृहस्थ चित्र न्यायला आले. ते बघून स्वतःहून म्हणाले, "खरी राष्ट्रीय कला आहे, मास्तर." ज्यासाठी मी एवढा भांडलो ते ऐकून छाती फुगायला हवी होती.

कमलने त्यांच्या हातातून चित्र काढून घेतलं.

"देशाले दुसरं काढून दे, दादा. हे माहं घर हाय."