सहीपुरती डिग्री

रिपोर्ट माझा होता आणि खाली सही मृणालची होती. कस्टमरचे दोन इंजिनियर समोर बसले होते. त्यांतल्या एकानं विचारलं, हे माप नक्की कोणी घेतलं? मृणालनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत राहिले.

मी कानडी मुलखातल्या होसकोटेच्या एका कारखान्यात मेट्रॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे ॲल्युमिनियमचे भाग बनतात. ते ड्रॉइंगप्रमाणे झालेत की नाही हे मोजून सांगायचं, एवढंच आमचं काम. मोजायचं ते मायक्रॉनमध्ये. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. डोक्यावरचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो. लॅबचं तापमान बारा महिने वीस डिग्री ठेवतात. खोलीला खिडकी नाही. दार लावलं की शॉपमधल्या मशीनचा आवाज कुठेतरी लांब, पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. चोवीस वर्षं मी त्या खोलीत आहे. आत दिवस कधी वर येतो, कधी मावळतो, कळत नाही.

त्या दिवशीचा वाद एका भोकाचा होता. शंभर मिलिमीटरचं भोक. कस्टमरच्या म्हणण्याप्रमाणे ते सत्तावीस मायक्रॉन मोठं होतं आणि सगळा लॉट ते परत पाठवणार होते. आमच्या रिपोर्टप्रमाणे भोक बरोबर होतं. लॉट परत आला असता तर कस्टमरही गेला असता.

मृणाल म्हणाली, "सर, याचं उत्तर अक्का देतील. माप त्यांनीच घेतलंय."

ती नागपूरची. बीई होऊन त्याच्या तीन वर्षं आधी आमच्याकडे आली होती. आधी मला मॅडम म्हणायची, मग सगळ्या कारखान्यासारखी अक्का म्हणायला लागली. लॅबमध्ये आम्ही दोघी मराठीत बोलतो. तिची मराठी ऐकून मला माझी जुनी वाटते, तिला माझ्या मराठीत 'थोडं' आणि 'बरं'च्या जागी येणारे कानडी 'स्वल्प' आणि 'सरी' ऐकून हसू येतं.

मी उठून बोर्डवर हिशेब मांडला. ॲल्युमिनियम तापलं की फुगतं. आम्ही मोजण्याआधी भाग चार तास लॅबमध्ये नुसता ठेवून देतो. याला सोकिंग म्हणतात. भाग खोलीइतका थंड झाला की मगच त्याला हात लावायचा. त्यांनी मार्चच्या उन्हात ट्रकमधून उतरवलेले भाग तसेच मोजले होते. बारा डिग्रीचा फरक धरला तर शंभर मिलिमीटरला सत्तावीस मायक्रॉन येतात, थोडेसे जास्तच. इंजिनियरनं स्वतःच्या वहीत गुणाकार करून बघितला. पुन्हा मोजतो म्हणाला. मग सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, रिपोर्टवर यांची सही का नाही?

मूर्ती सर आमचे क्वालिटी हेड. त्यांनी सांगितलं की आमच्या प्रोसीजरप्रमाणे सही करणारा ग्रॅज्युएट लागतो. मी डिप्लोमा.

दोन दिवसांनी कस्टमरचा मेल आला, भाग बरोबर आहेत. मूर्ती सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते माझ्याशी कानडीतच बोलतात. सहा महिन्यांनी लॅब हेड रिटायर होतायत, म्हणाले. ती जागा तुमचीच असायला हवी, पण कागद लागतो. आता सगळं ऑनलाइन मिळतं, एखादी डिग्री करून टाका. माझं वय तेव्हा सेहेचाळीस होतं.

कंपनीची बस शहरातल्या राजाजीनगरहून पहाटे सुटते. होसकोटे जवळ आलं की धुकं असतं, आणि अर्धी बस झोपलेली असते. त्या आठवड्यात मी काचेला डोकं टेकून डिग्रीचा विचार करायचे आणि डोळा लागायचा. एक स्वप्न मला खूप वर्षं पडतं. मल्लेश्वरमच्या कॉलेजात मी तिसऱ्या बाकावर बसले आहे. सर फळ्यावर एक वक्र रेषा काढतायत. ती फळ्याच्या कडेपर्यंत जाते आणि पुढे भिंतीवरही जात राहते, आणि वर्गात कोणालाच त्याचं नवल वाटत नाही. त्या कॉलेजात मी खरंच होते. पीयूसी म्हणजे बारावी झाल्यावर बीएस्सी मॅथ्सला प्रवेश घेतला होता. अकरा दिवस गेले. मग टूल अँड डायच्या, म्हणजे साचे बनवण्याच्या, डिप्लोमाची सीट लागली. नोकरी नक्की असते म्हणून घरच्यांनी तिकडे घातलं. मीही काही बोलले नाही.

मी फोनवर चौकशीचा एक फॉर्म भरला आणि तासाभरात कॉल आला. समोरचा मुलगा हिंदीत फार आपुलकीनं बोलत होता. डिप्लोमा आहे ना मॅडम, मग ऑनलाइन बीटेक एका वर्षात होईल, घरबसल्या. मी विचारलं, डिग्रीवर नाव कोणत्या युनिव्हर्सिटीचं येणार? तो म्हणाला, ते ॲडमिशननंतर कळतं, पण आज ठरवलं नाहीत तर सीट जाईल. मृणाल शेजारी बसून ऐकत होती. तिनं ऑनलाइन डिग्रीला परवानगी असलेल्या युनिव्हर्सिटींची सरकारी यादी उघडली. इंजिनियरिंगची डिग्री ऑनलाइन देताच येत नाही, हे आम्हाला तिथे कळलं. प्रॅक्टिकल नसलेले विषय चालतात. यादीत एका युनिव्हर्सिटीची बीएस्सी मॅथ्स होती. तीन वर्षं.

मी एचआरला मेल केला. सहीसाठी आणि पोस्टसाठी ऑनलाइन बीएस्सी चालेल का, लेखी कळवा. चार दिवसांनी उत्तर आलं. मान्यता असेल तर चालेल, पण अर्ज करायच्या दिवशी डिग्री हातात हवी. म्हणजे प्रश्न संपला होता. जागा सहा महिन्यांत भरणार, डिग्री तीन वर्षांनी येणार.

मी मेल बंद केला आणि कामाला लागले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये एकटीच होते. टेबलावर बारा भाग थंड होत पडले होते. युनिव्हर्सिटीच्या साइटवर एक लेक्चर नमुना म्हणून ठेवलं होतं. सहज लावलं. साडी नेसलेल्या एक बाई लिमिट शिकवत होत्या. जवळजवळ जात राहायचं, म्हणाल्या, पोचलंच पाहिजे असं काही नाही. मी डबा उघडायला विसरले. बाई हळू बोलत होत्या, रेषा हळू काढत होत्या, आणि मला त्या खोलीतली थंडी जाणवेनाशी झाली. मृणाल आत कधी आली, कळलंच नाही. स्टूल ओढून शेजारी बसली आणि शेवटपर्यंत बघत राहिली.

रविवारी मल्लेश्वरमला अण्णाकडे गेले. माझा थोरला भाऊ. डिप्लोमाचा फॉर्म त्यानंच भरला होता. मला वाटलं, या वयात कशाला म्हणेल. मी सगळं सांगितलं, पोस्ट मिळणार नाही हेसुद्धा. तो म्हणाला, "मी तेव्हा तुला विचारलं नव्हतं. ते मला माहीत आहे." वहिनीनं कॉफी आणली, ती आम्ही तिघं प्यायलो. निघताना तो बस स्टॉपपर्यंत आला. तो सहसा येत नाही.

सोमवारी मूर्ती सरांना सांगितलं की बीएस्सीला ॲडमिशन घेतेय. त्यांना वाटलं मला एचआरचं उत्तर नीट कळलं नाही.

"अक्का, तोपर्यंत जागा भरलेली असेल."

"हो सर. मृणालला द्या. ती चांगली आहे."

"मग डिग्री कशाला?"

"अकरा दिवस झालेत सर. उरलेली करायची आहे."

परीक्षेसाठी सुट्टी लागेल, ती मंजूर करतो, एवढंच ते म्हणाले.

मृणाल लॅब हेड झाली. रिपोर्टवर माप घेणाऱ्याचं नावही छापायचं, असा बदल तिनं पहिल्याच महिन्यात करून घेतला. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यास बसमध्ये होतो, दोन्ही वेळा, आणि माझा स्टॉप दोनदा चुकलाय. स्टॅटिस्टिक्समध्ये एकदा नापास झाले. चोवीस वर्षं मापांची सरासरी काढणारी बाई त्यातच नापास झाली, हे लॅबमध्ये सगळ्यांना सांगून झालंय.

हल्ली कारखान्यातले डिप्लोमावाले मला विचारतात, ऑनलाइन डिग्री करू का? मी सांगते, युनिव्हर्सिटीचं नाव सरकारी यादीत स्वतः बघ आणि ऑफिसला चालेल का ते लेखी घे. दोन्ही उत्तरं आली की एक लेक्चर पूर्ण बघ. बघताना फोनमध्ये दुसरं काही उघडलंस, तर फॉर्म भरू नकोस. तीन वर्षं फार लांब असतात.