मजजवळ काही नाही

सांगलीच्या एका बाईने मला आणि माझ्या मेव्हण्याला पोकरमध्ये फसवलं. त्या वेळी आम्ही दोघे मिळून तिला फसवत होतो, पण तो मुद्दा वेगळा आहे.

माझं कुंभकोणमला पितळी समयांचं दुकान आहे. सायकलच्या कॅरिअरला पळ्या-ताम्हनं बांधून गावोगाव हिंडत होतो, तिथून दुकानापर्यंत पोचलो तो केवळ जिभेच्या जोरावर. घासाघिशीत मला हरवणारा माणूस या मुलखात जन्मलेला नाही, असं लोक म्हणतात. (म्हणजे मी म्हणतो. लोक जळतात.)

पण जीभ एकट्याची नव्हती. माझी बायको पद्मा मागे बसून समया कागदात गुंडाळायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर, खणखणीत आवाजात, आमच्या मराठीत मला सांगायची, "ह्याचे जोडे नवे आहेत. चढवा." किंवा, "ही बहु हिंडून दमली. कोठे जात नाही आता. उगा रहा." उगा रहा, म्हणजे गप्प बसा. तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेली ही आमची मराठी. घराबाहेर कुणाला कळत नाही. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई जेवायला बोलावतेय. मी तमिळमध्ये त्याला म्हणायचो, "बायको रागावली. म्हणते, इतक्या स्वस्तात देऊ नका. पण तुमच्याकडे बघून देतो." दुकान असं उभं राहिलं.

पद्माला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा कोइमतूरला असतो, त्याच्या घरात मराठी फक्त आरतीपुरती. भाव ठरायच्या वेळी माझी मान अजून मागे वळते. मागे कागदांचा गठ्ठा असतो.

पद्माचा धाकटा भाऊ शेषू पापनाशमला शिलाई यंत्रं दुरुस्त करतो. पोकर आणलं ते त्याने.

"भावजी, फोनवर पत्ते खेळायचे. दोन पत्ते आपले, पाच सगळ्यांचे. हातात काही नसलं तरी पुष्कळ असल्यासारखं दाखवायचं आणि समोरच्याला पळवायचं. त्याला ब्लफ म्हणतात."

"त्याला दुकान म्हणतात."

"दुकानच. फक्त भाडं नाही."

आम्ही सगळ्यात स्वस्त टेबलावर बसलो. संध्याकाळभर हरलो तरी दोन कॉफ्यांपलीकडे नुकसान नाही. ब्लफ मला शिकवावा लागला नाही. घाई करायची नाही, दर डावाला करायचा नाही, आणि ज्याला वस्तू खरंच हवी आहे त्याच्यावर करायचाच नाही. तो घाबरत नसतो. ही सगळी विद्या समयांच्या जोरावर मला पाठ होती.

शिवाय आमच्याकडे एक जादा पत्ता होता. त्या टेबलावर माइकचं बटण दाबलं की आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं. शेषू म्हणाला, आपण फोन लावून एकमेकांना पत्ते सांगू. फोन लावला की खेळ अडकायचा. मी म्हटलं, "फोन कशाला? इथेच बोलू, सगळ्यांसमोर. आपली भाषा कोणास कळते?"

"मजजवळ राजा आहे. तुजजवळ?"

"मजजवळ काही नाही, भावजी."

"मग तू उगा रहा. मी पळवतो."

ह्याला लबाडी म्हणतात, मला माहीत आहे. पण खरी गोडी जिंकण्यात नव्हती. पुन्हा कुणीतरी माझ्या मागून बोलत होतं, आणि आवाजाची ठेवणही पद्माच्याच घरची.

टेबलावरचे बाकीचे लोक बदलत. 'जास्वंद' नावाची एक खेळाडू मात्र रोज असायची. फोटोच्या जागी मांजर, माइक बंद, कधी अवाक्षर नाही. मी राजा-राणी घेऊन बसलो की मांजर पळून जायचं. मी रिकाम्या हाताने डरकाळी फोडली की मांजर पाय पोटाशी घेऊन बसून राहायचं आणि पैसे घेऊन जायचं. हे रोज व्हायला लागलं तेव्हा शेषू म्हणाला, "भावजी, ही साइटच चोर आहे. तिला आपले पत्ते दाखवतात."

मी चांगली साइट शोधायचं मनावर घेतलं. माझी पद्धत सोपी आहे: आधी थोडेच पैसे टाकायचे आणि लगेच परत मागायचे. मोड द्यायला कुरकुरणारा दुकानदार आणि पैसे परत द्यायला रेंगाळणारी साइट, दोघांची पायरी चढू नये. एका साइटच्या मदतकक्षाशी मी तासभर लेखी भांडलो. म्हटलं, तुमचा स्वागताचा बोनस नको, दर डावामागे कमिशन कापता, त्यात तेवढी सूट द्या. समोरून दरवेळी एकच उत्तर, 'आपली मदत करण्यात आम्हाला आनंद आहे.' शेवटी शेषूने सांगितलं, भावजी, ते यंत्र आहे. (तरी मला वाटतं, अजून थोडं ताणलं असतं तर ते खाली आलं असतं.)

साइट ठरली. जुन्या टेबलावरूनच मी शेषूला तिचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "उद्या दिवे लागले की तेथे ये." दुसऱ्या दिवशी जाऊन बसतो तो शेषू बारीक आवाजात म्हणाला, "भावजी. मांजर."

आमच्या आधी येऊन बसलं होतं.

तिसरी साइट शोधली. तिथेही मांजर.

"शेषू, तू कोणास बोललास?"

"आईशपथ नाही. तुम्ही?"

"मी कोणास सांगेन?"

ही चौकशीसुद्धा आम्ही माइक दाबूनच करत होतो.

मग एका संध्याकाळी माझ्या हातात दुर्री आणि सत्ती आली. ह्याहून भिकार पत्ते नसतात. मी शेषूला म्हटलं, "मजजवळ काही नाही. पण आज त्या मांजरास पळवतोच." आणि टेबलावर होते नव्हते ते सगळे पैसे पुढे सारले. मांजर हललं नाही. डाव उघडला तर तिच्याकडे तिर्रीची जोडी. तेवढ्यावर बसली होती!

माझा तोल गेला. मी साइटचा उद्धार केला, मांजराचा केला, शेषूचा केला. तो म्हणत होता, "भावजी, रागे भरू नका." मी म्हटलं, "तुझी अक्का असती तर तिने एका नजरेत सांगितलं असतं, ही बाई कसं ओळखते ते. आता मागे कोण आहे? मजजवळ काही नाही रे, शेषू."

तेवढ्यात मांजराचा माइक सुरू झाला.

"अहो, असं नका बोलू." स्वच्छ मराठी. "आता मलाच लाज वाटायला लागली."

शेषूच्या हातून फोन पडल्याचा आवाज आला.

"तुम्हाला हे कळतं?" मी विचारलं. "केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी सांगलीची."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पत्ते सांगत होता. मध्ये कशाला बोलू?"

शेषू अजून फोन उचलत होता.

"आणि मी बोलले असते तर तुम्ही गप्प झाला असता," ती म्हणाली. "मजजवळ, उगा रहा... हे शब्द मी पोथीत वाचलेले. माणसांच्या तोंडी कधी ऐकले नव्हते. घरात मी एकटी. संध्याकाळी तुमचं भांडण ऐकत बसायचे. पैसे आपले येत गेले."

दुसरा माणूस विरघळला असता. मी म्हटलं, "पैसे परत द्या."

"फसवत कोण होतं?"

"ते नंतर बघू. सहाशे रुपये."

"शंभर देते."

"शंभरात समईची वात येत नाही, बाई."

"वात मी देते. तेलाचं तुम्ही बघा."

मी चमकलो. इतक्या वर्षांत असा टोला मला फक्त एका माणसाने दिला होता, आणि ते माणूस माझ्याच बाजूला होतं. मी आवाज चढवला. ती म्हणाली, "ओरडू नका. ज्याला खरंच खाली यायचं नसतं तो ओरडत नाही. तुम्ही खाली येणार आहात."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. पत्ते यायचे, आम्ही न बघता टाकून द्यायचो आणि घासाघीस पुढे चालू. बाकीचे खेळाडू कंटाळून उठून जायचे. मधूनच ती विचारायची, तुमच्याकडे चटणीला काय म्हणतात, पद्माबाई कशा बोलायच्या. मी सांगायचो आणि लगेच म्हणायचो, "विषय बदलू नका. पाचशे."

शेषूने एकदा मला बाजूला घेतलं, म्हणजे खेळ बंद करून फोन केला. "भावजी, ती तीनशेला आली आहे. तुम्ही इतकं कधी ताणत नाही. घेऊन टाका की."

"तू उगा रहा," मी म्हटलं.

त्याला कसं सांगणार? सौदा पटला की गिऱ्हाईक दुकानातून जातं.

मग सरकारने पैशांचे खेळ बंद केले. बरोबरच केलं, कुणाकुणाची घरं बुडाली म्हणतात. साइटने आमचे उरलेले पैसे मुकाट परत दिले (निवड माझी होती) आणि टेबल गेलं. ती तीनशेवर होती, मी चारशेवर. तिचं नाव मला माहीत नाही, फोन माहीत नाही. भाव ठरेपर्यंत गिऱ्हाइकाचं नावगाव विचारून सलगी करू नये, हा माझाच नियम.

"सांगलीस जाऊन हुडकू?" शेषूने विचारलं.

"काय म्हणून विचारणार? मांजर पाहिलं का?"

आता आम्ही फुकटच्या, खोट्या पैशांच्या टेबलावर बसतो. मी मोठ्याने सांगतो, "मजजवळ काही नाही," आणि सगळं पुढे सारतो. सगळे पळून जातात. रोज जिंकतो. इतका कंटाळा मला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

म्हणून हे छापायला दिलं आहे. जास्वंदबाई, साडेतीनशे. बरं, तीनशे. समोरच्याने तोंड उघडायच्या आत मी कधी खाली आलेलो नाही, आणि इथे दोन ओळींत तीनशेवर आलो, ह्याची नोंद घ्या. समई माझ्यातर्फे, तेलसुद्धा माझं. पण सौदा अर्धा टाकून असं उठून जाता येत नाही. ह्याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. जिथे असाल तिथून द्या, आपल्या मराठीत, मोठ्याने, सगळ्यांसमोर द्या. इथे कोणास कळत नाही.