विमा काढलेली लॉरी
निजामाच्या काळात मी एकदा हिंगोलीहून वाशिमला कापसाच्या लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. विमा म्हणजे ताईत, विमा काढलेली मोटार उलटत न्हाई, असं मी समजायचो. हा गडी मात्र उतार आला की दार उघडून एक पाय बाहेर काढायचा.

“विमा हाय न्हवं?” मी दरडावून विचारलं.

“हाय की, पाटील. इंग्रजांच्या हद्दीत लागतोच. पण आपल्या चाकाखाली येईल त्याच्यापुरता. आत बसल्यांचा न्हाई. भेव वाटत असंल तर उतरा.”

“भेव? मला?” म्हणून मी बसून राहिलो. मग पैनगंगेचा उतार लागला. मी गुपचूप माझं दार ढकललं, तर ते तारेनं बांधलेलं. मी तार सोडवायला लागलो. वर बघतो तर गडी रस्ता सोडून माझ्या बोटांकडं बघायलाय.