गजूभाऊजींचा डावा हात

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, तेही माहेरी, गोंदियाकडच्या मराठी शाळेत. लग्न होऊन बालाघाटला आले, त्यानंतर लिहायचं काम पडलं नाही. पोरी हिंदी शाळेत शिकल्या. हे दुरुस्त करून देणारं घरात कोणी नाही, आणि कोणाला दाखवायचंही नाही. पण दीड महिना झाला, मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

उकव्याच्या खाणीवरून फोन आला तेव्हा मी भाताची पेज काढत होते. फोन आमच्या ह्यांनी घेतला. “हौ… हौ… कधी?” एवढंच बोलले आणि भिंतीला टेकून खाली बसले. माझे धाकटे दीर गजानन, आमचे गजूभाऊजी, तापानं गेले. जंगलातला ताप डोक्यात चढला. ते ज्याच्याकडे मजुरी करत त्या ठेकेदाराच्या माणसांनी बैहरच्या दवाखान्यात नेलं, पण उशिरा नेलं. दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात चार ओळी आल्या, “पूर्व मुक्केबाज” म्हणून, म्हणजे एकेकाळचा बॉक्सर. त्यातही फोटो दुसऱ्याच कोणाचा होता.

मी नवरी होऊन आले तेव्हा ते पाचवी-सहावीत असतील. माझ्यापेक्षा इतके लहान, तरी मी भाऊजीच म्हणायची आणि ते मला “वहिनी, तुमी” म्हणायचे. ते डावखुरे होते. आमच्याकडे डेबरा म्हणतात. डाव्या हातानं जेवलेलं सासूबाईंना चालत नसे. भाऊजी जेवायला बसले की सासूबाई जुन्या धोतराच्या चिंधीनं त्यांचा डावा हात पाठीमागे बांधायच्या. उजव्या हातानं खाताना वरण अर्धं अंगावर सांडायचं. सासूबाई अंगणात गेल्या की मी गाठ सोडायची. ते भराभरा चार घास खायचे आणि सासूबाईंच्या पायांचा आवाज आला की हात आपणच मागे करून म्हणायचे, “बांधा वहिनी, आली माय.”

त्याच हातानं पुढे त्यांना नाव मिळालं. शाळेच्या मैदानावर एक सर बॉक्सिंग शिकवायचे. त्यांनी भाऊजी उभे कसे राहतात ते पाहिलं आणि म्हणाले, याला बदलायचं नाही. पहिल्या जिल्ह्याच्या मॅचहून आल्यावर आमचे हे हसून हसून सांगत होते, “समोरच्या पोराले समजूनच नाही राह्यलं, मार कोनीकडून येऊन राह्यला.” मग लांजी, सिवनी, छिंदवाडा, जातील तिथून मेडल. राइस मिलच्या सेठनं चौकात भाऊजींचा मोठा फ्लेक्स लावला, डावी मूठ पुढे केलेला. गणपतीत सासूबाईच म्हणाल्या, “प्रसाद डेबऱ्या हातानं वाट रे, गुन हाय त्या हाताले.” मी पदरात तोंड लपवून हसले.

भाऊजी मात्र हुरळले नव्हते. मी पोळ्या करत असले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. एकदा म्हणाले, “वहिनी, मी काही लय भारी नाही. इकडच्या पोट्ट्यायनं डेबरा पाह्यलाच नाही ना. ज्या दिवशी डेबऱ्याले ओळखनारा भेटन, त्या दिवशी समजन.” नागपूरला जाऊन तिथल्या मोठ्या पोरांशी सराव करायचं त्यांच्या मनात होतं. मार खाल्ला तरी चालेल, पण शिकायला मिळेल, असं त्यांचं म्हणणं. सर आमच्या घरी चहाला आले तेव्हा भाऊजींनी विचारलं. मी पडद्याआड होते, सगळं ऐकलं. सर म्हणाले, “काहून हारायले जातो बे? आजवर एक बी हार नाही तुही. रेकॉर्ड पे दाग लगेगा. सेठजी क्या बोलेंगे?” आमच्या ह्यांनीही मान हलवली. शिकलेले लोक होते सगळे. हरायला सर भीत होते, भाऊजी नव्हते. सरांनी मिळतील तितकी कच्ची पोरं भाऊजींपुढे उभी केली आणि मेडलं मोजली. त्या मेडलांवर सरांना बढती मिळाली.

मग मोठ्या स्पर्धेला गेले, वर उत्तरेत. गाडीभाडं, बूट, शिबिराचा खर्च सेठनं दिला, हार घालून, फोटो काढून. भाऊजी पहिल्याच मॅचला हरले. घरी आले तेव्हा एक डोळा मिटलेला होता. जेवले, आणि मग पोळपाटाजवळ बसून लाटण्यानं मला दाखवू लागले. “ज्यानं मले हरवलं, त्याच्या आखाड्यात अर्धे डेबरेच हायत, वहिनी. रोज त्यायच्यासंगंच खेळते तो. माहा पाय पडाच्या आंधी त्याले ठाव, कुठं पडन.” पुढच्या वर्षी गेले, त्याहून लवकर हरले. तिसऱ्या वर्षी सर दुसऱ्या पोराला घेऊन गेले. तोही डेबराच. त्यालाही इकडे कोणी हरवलं नव्हतं म्हणे.

फ्लेक्स उतरवला. पुढे मी तो मिलच्या मागे कोंड्याच्या ढिगावर पांघरलेला पाहिला, तोंड वरच्या बाजूला. आणि सेठ चारचौघांत बोलू लागला की दिलेला पैसा उधारीचा होता. लिहिलेलं कुठे काही नव्हतं. भाऊजी भांडले नाहीत. मला म्हणाले, “मार खाल्ला म्हनन तर म्हनू द्या, खाल्लाच हाय. पैसा खाल्ला म्हनू नये कोनं.”

ते पैसे फेडायला ते उकव्याला गेले, खाणीवरच्या ठेकेदाराकडे, ट्रक भरायला. महिन्याला येत, पैसे माझ्या हातात ठेवत, आमचे हे ते पैसे सेठकडे पोचवत. कितीतरी वर्षं असंच चाललं. लग्नाचं दोनदा निघालं, दोन्ही वेळा पोरीकडच्यांनी विचारलं, “वो लेफ्टी? जो हार के आया था?” नंतर आम्ही बोलणं काढलं नाही. आणि आता जेवायला वाढलं की भाऊजी उजव्या हातानं जेवायचे. सासूबाई जाऊन वर्षं झाली होती, बांधणारं कोणी नव्हतं. मी कधी विचारलं नाही.

तेरवीला सेठ आला होता. जेवला, हात धुतले आणि ओट्यावर लोकांत बसून म्हणाला, “लड़का अच्छा था. थोड़ा पैसा रह गया, अब डूबा समझो.” लोकांनी माना हलवल्या. मी आतून ऐकलं.

ठेकेदारानं भाऊजींची राहिलेली मजुरी पाठवली तेव्हा मी ह्यांना म्हटलं, सेठचं देऊन टाका. हे म्हणाले, “पागल झाली काय? मेल्या मानसावर कोन उधारी काढते? पोरीची फी भराची हाय.”

“काढतात. तुमच्या ओट्यावर बसून काढली.”

“मंग तूच जाय.”

त्यांना वाटलं, मी जाणार नाही. परक्या पुरुषासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे त्यांना माहीत आहे. बाकी किती ते मला पाठ होतं; मजुरीत थोडे कमी पडत होते, ते माझ्या पापड-शेवयांच्या कमाईतले घातले आणि गेले.

मिलमध्ये धान तोलणं चालू होतं. सेठनं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. “हाँ बहनजी, बराबर.” मी उभीच राहिले. हिंदी मला धड येत नाही, म्हणून मराठीतच म्हटलं, “मोठ्यानं म्हणा. त्या दिवशी ओट्यावर म्हटलं तसं.”

त्यानं नोटांची घडी केली. मग काट्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, “गजानन का पूरा आ गया. कुछ बाकी नहीं.”

पोतं उचलता उचलता एका हमालानं विचारलं, “कौन गजानन?”

“था एक लड़का,” सेठ म्हणाला, आणि पैसे गल्ल्यात टाकले.