पॉइंटच्या मागचं

इंदापूर ते निमगाव केतकी इंटरनेटची काचेची तार पिंकीनं स्वतःच्या हातानं जोडलेली. तार तुटली की बाप्ये खड्ड्यांवर खड्डे खणत बसायचे. पिंकी मशीन लावायची. तारेतून उजेड सोडायचा, तुटल्या जागी आपटून तो माघारी येतो, अन् किती वेळात आला त्यावरून मशीन अंतर सांगतं.

पण आज मशीननं सहा किलोमीटर तीनशे मीटर सांगितलं, तिथं दोन खड्डे खणले, अन् तार धडधाकट!

"बाईच्या हाती मशीन दिल्यावर आनि काय व्हायचं?" सुपरवायझर संभाजीराव मजुरांदेखत म्हणाले. "उद्यापासनं मशीन दुसऱ्या जोडनाऱ्याकडं, दीपककडं. तू हापिसात फोन उचल."

पिंकीच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं राबून मिळवलेलं मशीन, असं कसं द्यायचं? तिनं सेटिंग उघडलं. काचेत उजेड किती पट मंदावतो, तो आकडा तिथं असतो. काचेसाठी एक पॉइंट चार सहा आठ हवं, तिथं नुसता एक!

"ह्यो आकडा कुनी बदलला?"

"म्या, सकाळी. पॉइंटच्या मागचं कशाला ठेवायचं?" संभाजीराव आधी उसाच्या वजनकाट्यावर होते, तिथं पॉइंटच्या मागचं वजन सोडूनच द्यायचे. सवय जाते होय!

"अवो, ह्यो उसाचा काटा न्हाय! मोकळ्यावर उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो, काचंत दोन लाखांवर येतो. तुमी काचंतल्या उजेडाला मोकळ्यावर पळवलं, म्हनून अंतर दीडपट दिसलं!"

तिनं आकडा नीट केला. चार किलोमीटर दोनशे नव्वद. जोडाच्या खड्ड्यांत तिनंच गुंडाळून ठेवलेली साठ मीटर तार वजा केली, रस्ता मोजत मागं आली आणि पाय आपटला.

"हितं खना."

"न्हाय निघाली तर?"

"तर मशीन दीपकला. अन् निघाली तर?"

संभाजीरावांनी मजुराला खणायची खूण केली.

कमरेएवढं खणलं अन् मजूर ओरडला. कुणाच्या तरी पाइपलाइनच्या खोदाईत तार कचकन तुटलेली. पिंकीनं तासाभरात जोडली, लाइन चालू झाली.

"बरं झालं," संभाजीरावांनी हात पुढं केला. "आन मशीन."

"न्हाय." पिंकीनं ते खांद्याला अडकवलं. "ह्ये माझ्याकडंच ऱ्हानार. आकड्याला हात लावायचा तर मला इचारून."

मग तिनं मजुराच्या हातातलं फावडं घेऊन त्यांच्या हातात दिलं.

"आनि ते दोन खड्डे तुमचे हायेत, साहेब. बुजवा."